मंचर, दहा मिनिटं!

"मंचर, मंचर! दहा मिनिटं थांबेल गाडी, पटापट उरकून घ्या!"

नोकरीपायी पुणे-नाशिक वाऱ्या करणाऱ्यांच्या कानात ही आरोळी कायमची बसलेली असणार. माझ्या तर आहेच. घर नाशिकला, नोकरी पुण्यात. शुक्रवारी संध्याकाळी बॅग पाठीला लावून निघायचं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये पहिली डुलकी काढायची, खेडचा घाट झोपेत पार करायचा आणि मंचरला कंडक्टरच्या आवाजानं दचकून उठायचं. डोळे चोळत उतरायचं, एक कटिंग, एक वडापाव, की पुन्हा सीटवर. नऊ वर्षांत मी मंचरला किमान दीडशे वेळा उतरले असेन. दीडशे गुणिले दहा मिनिटं! हिशेब केला तर चक्क एक अख्खा दिवस मी या गावात घालवलाय. आणि विचाराल, मंचरमध्ये काय पाहिलंस? तर एसटी स्टँडची एक बाजू आणि वडापावचा गाडा.

मग बायपास झाला. गेल्या काही वर्षांत या हायवेवरची एकेक गावं टप्प्याटप्प्यानं बाजूला पडत गेली आणि माझी खासगी बस मंचरच्या बाहेरूनच सुसाट जायला लागली. सुरुवातीला मी खूश होते. अर्धा तास वाचतो म्हणजे काय चेष्टा आहे? पण एका शुक्रवारी जाग आली ती थेट नारायणगावच्या पुढे, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ओळखीचं माणूस रस्त्यात भेटलं, आणि आपण मोबाइलमध्ये बघत पुढे निघून गेलो, तसं काहीसं.

हे मी सोमवारी कॅण्टीनमध्ये सहज बोलले, तर समोर बसलेली आमच्या टीममधली मैत्रीण एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मी मंचरची आहे."

चार वर्षं एकाच क्युबिकलमध्ये शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं! कारण 'कुठली तू?' या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं, 'पुण्याची.' फारच कुणी खोदून विचारलं तर 'पुण्याजवळची.' तसं ते खोटंही नाही म्हणा. पुण्यापासून मंचर साधारण साठ किलोमीटर आणि जिल्हा पुणेच.

"या वीकएण्डला चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मला एका गोष्टीत तुझं मत हवंय. तू बाहेरची आहेस, तुला बरोबर दिसेल."

गोष्ट अशी होती. तिच्या वडिलांचं स्टँडजवळ चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. बायपास झाल्यापासून रात्रीचा धंदा बसलाय. धाकट्या भावाला आता बायपासला जागा भाड्यानं घेऊन नवीन हॉटेल टाकायचंय, त्यासाठी बँकेचं कर्ज हवंय आणि बँकेला हवी आहे नोकरीवाल्या बहिणीची सॅलरी स्लिप. इकडे हिनं वाकडला वन बीएचके बघून ठेवलाय. एका पगारात दोन हप्ते बसत नाहीत. फॉर्म महिनाभर तिच्या पर्समध्ये पडून होता, सही न केलेला.

कांद्याचं 'फॅशन परेड'

जानेवारीतली थंडी. शनिवारी पहाटे पाचला तिनं मला गोधडीतून ओढून काढलं. "मंचर बघायचंय ना? मग आधी मार्केट यार्ड. बाकीचं गाव नंतर उठतं."

आंबेगाव तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार मंचरला आहे. तालुक्याचं सरकारी ठाणं घोडेगाव, बाजार मात्र मंचरचा. आत शिरताच पहिल्यांदा लागतो तो वास. कांदा, ओली माती, डिझेल आणि चहा यांचं मिश्रण. पिकअप गाड्यांच्या रांगा, डोक्याला मफलर गुंडाळलेले शेतकरी, पाठीवर पिशव्या उचलणारे हमाल. आणि एका ओळीत मांडलेले कांद्याचे ढीग.

आपण कांदा घेतो तेव्हा आपल्याला दोनच प्रकार ठाऊक, महाग आणि स्वस्त. इथे मात्र जातवारी आहे. सगळ्यात वरचा 'गोळा', मग एक नंबर, दोन नंबर, मग लहान 'गोल्टी', आणि शेवटी फुटका-जोडकांदा, तो 'बदला'. आडत्यामागून व्यापाऱ्यांचा घोळका सरकतो, एखादा कांदा हातात घेऊन चोळून बघतो, आणि बोली सुरू होते. भाव बोलला जातो दहा किलोचा. पालेभाजीचं गणित आणखी वेगळं. मेथी, कोथिंबीर, शेपू विकली जाते शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा एक भाव. आपल्या सोसायटीच्या गेटवर वीस रुपयाला मिळणारी जुडी इथे शंभराच्या गठ्ठ्यात मोजली जाते, हे बघून मी मनातल्या मनात भागाकार करत बसले.

"असं बघू नको," शेजारचे एक शेतकरी बाबा हसून म्हणाले. "आज बरा आहे. कधीकधी तर गाडीभाडं सुटत नाही, मग तिथंच मेंढरांना घालतो."

ते बोलले अगदी सहज, हवामानाबद्दल बोलावं तसं. मला मात्र त्यानंतर भागाकार जमेना.

मंचरच्या बाजाराची खरी मिजास बटाट्याची. आणि तीही उलट्या दिशेची. बटाटा इथून जातो तसा इथे येतोही. पंजाबातून बियाण्याच्या बटाट्याचे ट्रक लागवडीच्या आधी इथे येऊन थांबतात आणि आसपासच्या तालुक्यांतले शेतकरी पिशव्या न्यायला मंचर गाठतात. मंचरच्या दक्षिणेला पेठ, कुरवंडी, कारेगाव, भावडी, थुगाव अशा सात गावांचं एक पठार आहे. नावही साधंसरळ, सातगाव पठार. पावसाळ्यात हे पठार म्हणजे बटाट्याचा समुद्र. पावसावरच घेतलं जाणारं हे पीक, त्यातला बराचसा बटाटा वेफर्स बनवणाऱ्या कंपन्यांशी करार करून लावलेला. तेव्हा पुढच्या वेळी डेडलाइनच्या रात्री अकराला वेफर्सचं पाकीट फोडाल, तेव्हा जरा आठवा.

मला या सगळ्या गोंधळात एक गोष्ट दिसली, ती मी मैत्रिणीच्या कानात सांगितली. एवढी शे-दोनशे माणसं पहाटेपासून थंडीत उभी, आणि चहावाला सायकलवरचा एकच. त्याच्याभोवती बोलीपेक्षा जास्त गर्दी! "इथेच का नाही टाकत हॉटेल?" मी एमबीए झाल्याच्या थाटात विचारलं.

"हे तू बाबांना विचार," ती म्हणाली.

'कोणाची गं तू?'

मार्केट यार्डातून जुन्या गावठाणात आलं की दहा मिनिटांत शतक बदलतं. हायवेवरच्या मंचरला मोबाइलची दुकानं, कोचिंग क्लासच्या पाट्या, मॉड्युलर किचनच्या शोरूम. आणि आत बोळ. एवढे अरुंद, की समोरून बुलेट आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. दगडी जोत्याची, लाकडी खांबांची जुनी घरं, काही पडलेली, काहींच्या जागी तीन मजली आरसीसी, आणि काही ठिकाणी दोन्ही एकदम. खाली सागवानी चौकट, वर अॅल्युमिनियमच्या स्लाइडिंग खिडक्या. आर्किटेक्ट मित्रांना झीट येईल, पण मला आवडलं. माणसं राहताहेत हे तरी कळतं.

मंचर कागदोपत्री आता नगरपंचायत आहे. बोळांना मात्र हे कुणी कळवलेलं नसावं. प्रत्येक ओट्यावरून आम्हाला एकच प्रश्न येत होता. "कोणाची गं तू?"

लक्षात घ्या, 'कुठली' नाही, 'कोणाची.' शहरात आपल्याला कुणी हे विचारलं तर आपण एचआरकडे तक्रार करू. इथे मैत्रीण वडिलांचं नाव सांगायची, मग आजोबांचं, मग कोपऱ्यातली म्हातारी डोळे बारीक करून म्हणायची, "म्हंजे हॉटेलवाल्याची का? मोठी झालीस गं!" आणि मग नजर माझ्याकडे. "आन् ही?" मी नाशिकची, असं म्हटल्यावर प्रकरण मिटायचं. नाशिकची म्हणजे कोणाचीच नाही.

अशा दहा-बारा चौकश्या पार करत आम्ही पोचलो बारवेपाशी.

खरं सांगते, मला वाटलं होतं की एखादी विहीर असेल, कचऱ्यानं भरलेली, फोटो काढून पुढे जाऊ. पण काठावर आले आणि पाय थांबलेच. काळ्या दगडाचं मोठं चौकोनी कुंड. घडीव दगड एकावर एक बसवत खाली खाली उतरत गेलेलं. भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे मूर्ती ठेवायचे कोनाडे. बांधणी हेमाडपंती वळणाची, आणि दगडात कोरलेला एक जुना लेखही इथे आहे. अक्षरं झिजलेली. मी बोट फिरवून वाचायचा प्रयत्न केला, एक-दोन अक्षरं ओळखीची वाटली, तेवढंच. इंग्रज अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर लिहिलं, ते १८८५ साली छापलं गेलं, त्यातही मंचरच्या या कुंडाची दखल आहे. म्हणजे ते साहेब घोड्यावरून येऊन बघून गेले, आणि मी दीडशे वेळा येऊन वडापाव खाऊन गेले!

बारव हा शब्दच आपल्या पिढीच्या तोंडातून गेलाय. राजस्थान-गुजरातच्या 'स्टेपवेल'चे फोटो आपण लाइक करतो, पण आपल्याकडेही गावोगावी हेच आहे. नळ आले, बोअरवेल आल्या आणि या बारवा विस्मरणात गेल्या. अलीकडे रोहन काळे यांच्या 'महाराष्ट्र बारव मोहिमे'मुळे त्यांची नोंद व्हायला लागली, नकाशावर खुणा झाल्या, आणि महाशिवरात्रीला ठिकठिकाणच्या बारवांच्या पायऱ्यांवर दिवे लागायला लागले.

पायऱ्या उतरून खाली बसलो. वर हायवेच्या बाजूनं हॉर्नचा आवाज अगदी बारीक येत होता. मैत्रीण म्हणाली, लहानपणी इथे यायला बंदी होती, पोरं बुडतील म्हणून. मग तिनं पर्स उघडली, फॉर्म काढला, नुसता बघितला आणि परत ठेवला. मी काही विचारलं नाही. अशा ठिकाणी 'मग काय ठरलं?' विचारणं जरा ऑफिससारखं झालं असतं.

मासवडी नावाचा मासा

दुपारी तिच्या आईनं मासवडीचा घाट घातला होता. माझ्यासारख्यांसाठी सांगते. मासवडीत मासा नसतो! जुन्नर-आंबेगाव पट्ट्याची ही खासियत आणि पूर्ण शाकाहारी. नाव पडलं ते आकारावरून.

"बस इथं, बघून शिक," काकू म्हणाल्या. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की बेसन पेरत पेरत हाटायचं, पिठल्यापेक्षा घट्ट. इकडे तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर भाजून-कुटून सारण तयार. ओल्या फडक्यावर ते गरमागरम पीठ थापायचं, वर सारण पसरायचं आणि फडक्यासकट दुमडून दाबायचं. खरी कसोटी इथे. पीठ गार झालं की चिरतं, आणि गरम असताना हात भाजतो. काकू बोलता बोलता सहज करत होत्या. मी केलेल्या वडीला त्यांनी जो आकार दिला गेला म्हणून सांगितलं, तो इथे छापण्यासारखा नाही.

मग तिरक्या कापलेल्या वड्या, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. वड्या रश्श्यात आधी टाकायच्या नाहीत, खाताना बुडवायच्या. हायवेवर 'मासवडी मिळेल'च्या पाट्या पुष्कळ दिसतात आणि तिथलीही वाईट नसते. पण फडक्यावरून थेट ताटात आलेली मासवडी ही वेगळीच चीज आहे. त्यानंतर तासभर कुणीही करिअर, कर्ज किंवा बायपास यातलं काहीही बोललं नाही.

जुना रस्ता, नवा रस्ता

संध्याकाळी काकांच्या हॉटेलवर. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, सहा बाकडी, पितळी टाकी, भिंतीवर आजोबांचा फोटो. हा रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५० होता, मग त्याचा ६० झाला. काकांच्या बोलण्यात तो अजून 'नाशिक रोड'च आहे.

"रात्री दोनला पण बाकडं रिकामं नसायचं," काका सांगत होते. "ट्रकवाले, लग्झरीवाले. एकेक बस थांबली की पन्नास चहा. आता रात्री नऊला कुत्रं नाही." असं म्हणत असताना आत गर्दी होती, हे मी नोंदवून ठेवलं. बाजारहाट करून परत निघालेल्या बायका, कॉलेजची पोरं, दवाखान्यात आलेल्यांचे नातेवाईक. मी म्हटलं, काका, दुकान तर भरलेलंय! ते म्हणाले, "ही गावची माणसं. ही होतीच. बसवाले होते तेव्हा ह्यांना बसायला जागा नसायची."

मी मोठ्या उत्साहानं मार्केट यार्डाची आयडिया मांडली. काकांनी शांतपणे ऐकून घेतली. "तिथं उधारी फार," ते म्हणाले. संपलं. माझं एमबीए तिथेच बुडालं.

मग भावानं आम्हाला बाइकवर ट्रिपल सीट (हो, माहितीय, चूक आहे) बायपासला नेलं. दोन किलोमीटर, पण जग वेगळं. रुंद काँक्रीट, झूम करत जाणाऱ्या गाड्या, कडेला मोकळी शेतं आणि त्या शेतांत उभ्या राहिलेल्या प्लॉटिंगच्या पाट्या. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या भरवशावर इथे बरीच वर्षं जमिनीची स्वप्नं विकली गेली. पुढे खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणींमुळे रेल्वेचा मूळ मार्गच अडला. आकाशातले अतिसूक्ष्म रेडिओ संदेश ऐकणाऱ्या त्या दुर्बिणींना रेल्वेच्या विजेचा गोंगाट चालत नाही.

भावानं हातानं हवेत नकाशा काढला. "इथं पार्किंग, इथं फॅमिली सेक्शन, इथं मासवडी थाळी, इथं मिसळ. ताई, इथं एक गाडी जरी मिनिटाला थांबली ना..."

"थांबतात?" मी विचारलं.

"थांबतील ना! थांबायला काही पाहिजे तर थांबतील!"

पोरगा हुशार आहे. अवसरीच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजमध्ये जाणारी त्याच्याच वयाची मुलं बघून त्यानं ठरवलंय, की नोकरी करायची नाही, नोकऱ्या द्यायच्या. त्याच्यासमोर उदाहरणही आहे. अवसरी फाट्याला पराग मिल्क फूड्सची डेअरी आहे, १९९२ साली सुरू झालेली. 'गोवर्धन'चं तूप, 'गो'चं चीज आपल्या सगळ्यांच्या फ्रीजमध्ये आहे, मुंबई-पुण्यात घरपोच जाणारं 'प्राइड ऑफ काऊज'चं दूध इथल्याच गोठ्यातलं. ऑफिसच्या सॅण्डविचमधली ती पिवळी स्लाइस मी इतकी वर्षं कुठल्यातरी परदेशी गायीची समजत होते. निघाली मंचरची! 'इथं बसून जगाला चीज विकता येतं, तर मला मिसळ विकता येणार नाही?' हा भावाचा सवाल. उत्तर मला सुचलं नाही.

सातच्या आत घरात

रात्री मुक्काम तिच्या मामांकडे, गावाबाहेरच्या वाडीवर. मंचरभोवती अशा वाड्या विखुरल्यात. निघोटवाडी, शेवाळवाडी, मोरडेवाडी. माझ्या डोक्यात वाडी म्हणजे चांदणं, शेकोटी, हुरडा. मी कपडे बदलून अंगणात निघाले, तर मामींनी हात धरून आत घेतलं. "बॅटरीशिवाय नाही. आन् एकटी तर नाहीच नाही."

बिबट्या. आपण पुण्यात बिबट्याचा व्हिडीओ फॉरवर्ड करतो आणि खाली तोंडावर हात ठेवलेला स्मायली टाकतो. इथे तो शेजारी आहे. डिंभे धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि ऊस म्हणजे बिबट्याला लपायला बारमाही जंगल. उसातच पिल्लं जन्मतात, उसातच वाढतात. ऊसतोड सुरू झाली की आसरा जातो आणि तो वस्त्यांच्या कडेनं फिरायला लागतो. पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नर तालुक्यात माणिकडोहला निवारा केंद्र आहे, तेही अपुरं पडतंय. २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर शिरूर-आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात माणसं गेली, लहान मुलंही, आणि संतापलेल्या लोकांनी हा आपला नाशिक हायवे अडवून धरला होता. मला तो दिवस आठवतो. मी बसमध्ये होते आणि 'किती वेळ लागणार अजून?' म्हणून वैतागले होते.

सगळ्यात अवघड गोष्ट विजेची. शेतीपंपाची थ्री फेज लाइट काही दिवस रात्रीची असते. म्हणजे पाणी भरायला रात्रीच, अंधारात, उसातून जायचं. दिवसा वीज द्या, ही इथली जुनी मागणी. त्या रात्री मामांची पाळी होती. दहा वाजता ते काठी, बॅटरी आणि मोबाइलवर फुल आवाजात लावलेली भजनं घेऊन निघाले. आवाज केला की तो लांब राहतो म्हणे. भजन लांब लांब जात ऐकू येईनासं झालं. मामी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत बसल्या. साडेबाराला भजन परत ऐकू आलं, मग त्यांनी दिवा घालवला.

मी फार रात्री जागी होते. मैत्रीणही. अंधारात ती म्हणाली, "म्हणून मी पुण्याची सांगते. मंचर म्हटलं की लोक दोनच गोष्टी बोलतात, वडापाव नाहीतर बिबट्या."

गाव पाण्यात, नाव वर

रविवारी सकाळी भावानं मित्राची गाडी आणली आणि आम्ही पश्चिमेला निघालो. भीमाशंकरला जाणाऱ्या बऱ्याच जणांचा हाच रस्ता, घोडेगाववरून. ज्योतिर्लिंगाची गर्दी नको म्हणून आम्ही डिंभ्यालाच थांबलो. घोड नदीवरच्या या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. विदेशी कापडाची लॉरी अडवताना १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला जिवावर उदार झालेला तो गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. मुंबईत रस्त्याला, मंडईला त्याचं नाव आपण ऐकतो, पण तो 'कोणाचा' हे मला इथे कळलं.

आणि एक गंमत. गंमत म्हणावी का नाही, माहीत नाही. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव या पाण्याखाली आहे. धरणात गेलं. तालुक्याचं नाव तेच राहिलं, दाखल्यांवर, गाड्यांच्या कागदांवर, निवडणुकीच्या याद्यांवर. भाऊ पाण्याकडे बघत म्हणाला, "मंचर काय पाण्यात नाही जात. रस्ता फक्त बाजूला झालाय."

परतताना बहीण-भावात गाडीत कडाक्याचं भांडण झालं. हप्ता, भाडं, वाकड, बाबांचं वय, सगळं बाहेर आलं. मी मागच्या सीटवर खिडकीतून ऊस मोजत बसले. कळंबपर्यंतचा आवाज घोडेगावात ऐकू आला असेल. शेवटी मीच म्हटलं, "सही करायची की नाही, हे नंतर. आधी पंधरा दिवस बायपासला बसून मोज ना, किती गाड्या थांबतात ते." कारण तिथे सर्व्हिस रोडला त्याच्या मित्राची चहाची टपरी आहेच. भाऊ चिडला, मग विचारात पडला, मग म्हणाला, "वही घेतो."

तुम्हालाही जायचं असेल तर नारायणगाव-नाशिकच्या एसटीनं जा, बायपासवरून सुसाट जाणाऱ्या बसनं नको. चाकणचं ट्रॅफिक टाळायला सकाळी सहाच्या आत पुणे सोडा. मार्केट यार्डात बूट चिखलाचे होतील याची तयारी ठेवा, बारवेत उतरताना चप्पल घसरते, आणि वाडीवर राहणार असाल तर यजमान सांगतील त्या वेळेला घरात या. आणि 'कोणाचे तुम्ही?' असं कुणी विचारलं तर रागावू नका.

आम्ही महाशिवरात्रीला परत जाणार आहोत. बारवेवर दिवे लावायला काय काय लागेल याची यादी आमच्या कॅण्टीनमध्ये सुरू झालीय. फॉर्म अजून पर्समध्येच आहे. वाकडच्या बिल्डरलाही तिनं महिनाभर थांबवलंय.

आणि रोज रात्री नऊच्या सुमाराला तिच्या फोनवर वहीच्या पानाचा फोटो येतो, तो ती मला फॉरवर्ड करते. परवाचा असा होता. 'रविवार. थांबलेल्या गाड्या २३. टॉयलेट विचारायला १७. चहा ४. पंक्चर २.'